कानबाईचा रोट आणि त्रेपन्न किलो

कामिनीचा आकड्यांवर भारी जीव. जळगावच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या डाळमिलच्या शेडमध्ये तिनं पोरींसाठी वेटलिफ्टिंगचं केंद्र काढलं, तेव्हा खिडक्यांना काचा बसवायच्या आधी तिनं यंत्रं घेतली. एक छोटी डबी होती. तिच्यातून निघणारी दोरी बारला अडकवली की बार किती वेगानं वर गेला ते मोबाईलवर दिसायचं. एक चटई होती, तिच्यावर रोज सकाळी पोरींनी उडी मारायची. उडी नेहमीपेक्षा खुजी आली, बार नेहमीपेक्षा हळू गेला, की समजायचं शरीर दमलंय. मग त्या दिवशी वजन कमी. पोरगी कितीही म्हणो की ताई मी ठणठणीत आहे, कामिनी ढुंकून बघायची नाही.

"तोंडाला काय, ते काहीही बोलतं," ती म्हणायची. "मला तोंडानं सांगू नका. बार सांगेल."

पद्धत चांगली होती, यात वाद नाही. तिच्याकडच्या एकाही पोरीची पाठ धरली नाही की खांदा निसटला नाही. फक्त झालं काय, की पोरींनी तिला काही सांगायचंच सोडून दिलं. ताई काही म्हणाली की "हो ताई". विषय संपला!

त्यातही मोनाली सगळ्यांत गरीब स्वभावाची. रावेरच्या अलीकडच्या एका गावातली, केळीवाल्या पितांबर चौधरींची मुलगी. वय सतरा, बांधा आडवा, आवाज एवढासा. जळगावला हॉस्टेलवर राहायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी शेडच्या दाराशी येऊन उभी असायची. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर घ्यायच्या प्रकारात, ती नव्वद किलोपर्यंत गेली होती. कामिनीनं इतक्या पोरी घडवल्या, पण राज्याच्या शिबिरापर्यंत एकही पोचली नव्हती. ही पोचेल, असं तिला आतून वाटत होतं. वाटत होतं काय, तिनं ते धरूनच ठेवलं होतं.

मंगळवारी धुळ्याला विभागाची निवड चाचणी होती. त्रेपन्न किलोच्या गटात जी पहिली येईल ती एकटी शिबिराला जाणार. मोनालीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. म्हणजे आत्ता नाही तर नाहीच.

आणि नेमकं आदल्या रविवारी कानबाईचं बसणं!

खानदेशात राहून कानबाईला नको कोण म्हणेल? श्रावणातल्या त्या रविवारी सुरतेला गेलेला, पुण्याला गेलेला, झाडून सगळा गोतावळा घरी येतो. नारळाला नथ-डोळे लावून कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. आणि रोट. घरातल्या माणसांच्या हिशोबानं गहू मोजून घ्यायचे, दळायचे आणि त्या पिठाचे गूळ-तुपाचे रोट करायचे. ते भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. ज्याच्या वाट्याचा रोट त्यानंच खायचा. रोट नाकारणं म्हणजे कानबाईला नाकारणं.

कामिनी बोदवडची. तिला हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच ती धास्तावली. मोनाली त्रेपन्नच्या काठावर खेळत होती. जरा खाणं सुटलं की त्रेपन्नच्या वर, आणि वर गेली की गटातून बाद. गेले तीन आठवडे कामिनीनं तिचं डोकं खाल्लं होतं. एक घास इकडचा तिकडे नको, मोनाली. ग्रॅमवर जाईल सगळं, मोनाली.

"मी तिला पाठवत नाही," ती पितांबरनानांना फोनवर म्हणाली.

"ताई, काय बोलू राहिल्या तुमी!" नाना म्हणाले. "तिच्या अंगात एवढी ताकद आली कुठून? कानबाईनंच देली ना? अन् पोरगी घरी नसली तर मी तिच्यासमोर कोन्या तोंडानं बसू? सोमवारी विसर्जन झालं का मंगळवारी सकाळी मी सोता गाडी घेऊन धुळ्याले आनतो तिले. माहा शब्द."

कामिनीनं हात टेकले. शनिवारी संध्याकाळी मोनाली गावी गेली.

सोमवारी विसर्जन आटोपल्यावर कामिनीनं फोन लावला. फोन नानांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. मागे नुसता गलका. काका, काकू, आत्या, पोरंसोरं.

"मोनाली, रोट खाल्लास का?"

गलका थोडा कमी झाला.

"खाल्ला ताई."

"किती? एक की दोन?"

"दोन वाढले व्हते," मध्येच नाना बोलले. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "ताट साफ केलं पोरीनं!"

"हो ना मोनाली?"

"हो ताई."

"पुरणपोळी?"

"हो."

कामिनीनं कपाळाला हात लावला. दोन रोट, पुरणपोळी, वरून तूप. निदान किलोभर तरी चढलं असणार. "वजन केलंस?"

"इथं केळीचा काटा हाये ताई. मालाचा. त्याच्यावर बावन्नच्या खालीच दाखवतो."

"केळीच्या काट्यावर काय वजन करतेस, वेडी का तू?" कामिनी भडकलीच. जी बाई दर महिन्याला आपला काटा तपासून घेते, तिला केळीच्या घडांचा काटा सांगायचा! "तो विसर. मी सांगते ते ऐक. आता रात्री जेवायचं नाही. मीठ बंद. पाणी घोट-घोट, तेही घसा कोरडा पडला तरच. उद्या सकाळी वजन होईपर्यंत काही नाही. कळलं?"

"हो ताई."

फोन ठेवल्यावर कामिनीचा जीव थोडा शांत झाला. वेळेत विचारलं म्हणून तिनं स्वतःची पाठही थोपटली असेल. बाई गं, कशाला थोपटलीस!

मंगळवारी सकाळी धुळ्यातल्या एका कॉलेजच्या हॉलपाशी नानांचा पिकअप येऊन थांबला. मोनाली उतरली ती गाडीच्या दाराला धरूनच. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. कामिनीला वाटलं, पाणी तोडलंय, एवढं होणारच. तिनं तिला धरून वजनाच्या खोलीत नेलं. आत फक्त पंचबाई आणि काटा. मोनाली काट्यावर चढली.

"एक्कावन्न पूर्णांक दोन," पंचबाई म्हणाल्या आणि लिहूनही घेतलं.

कामिनीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं वाकून स्वतः आकडा बघितला. एक्कावन्न पूर्णांक दोन. चढायचं कुठलं, पोरगी जवळजवळ दोन किलोनं खाली गेली होती. काठावरच्या पोरीचं दोन दिवसांत एवढं वजन जातं म्हणजे अंगातलं पाणी गेलं, ताकद गेली, सगळं गेलं.

बाहेरच्या बोळात आल्या आल्या तिनं मोनालीचा दंड धरला. "हे काय आहे? दोन रोट खाऊन वजन उतरतं होय गं कुणाचं?"



तेवढ्यात नाना आलेच. हातात पितळी डबा. काम फत्ते झाल्यासारखे हसत होते. "झालं ना वजन? बसली ना पोरगी गटात? मंग आता खाऊ द्या तिले. घरून रोट आनला. काल दोन खाल्ले, आज एक खाईन अन् मैदान मारीन."

त्यांनी झाकण उघडलं. गुळाचा आणि तुपाचा वास आला, आणि मोनालीला रडूच कोसळलं.

"मी नाही खाल्ला, नाना."

"काय नाही खाल्ला?"

"रोट. रविवारी बी नाही, काल बी नाही. काहीच नाही खाल्लं. ताकावर व्हती. माहं ताट आईनं संपवलं."

नानांच्या हातातलं झाकण तसंच अधांतरी राहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की कामिनीला बघवेना. एवढी भाऊबंदकी जमवून ज्या पोरीचं कौतुक केलं, तिनं देवीपुढे खोटं ताट दाखवलं. बायकोनंही तेच केलं. पुष्पाबाई, जिनं रात्रभर कानबाईची गाणी म्हटली, तिनं!

"कानबाईसमोर खोटं बोलली तू?" ते म्हणाले. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"वजन वाढलं असतं तर ताईनं..." मोनाली पुटपुटली.

"मग मला का नाही सांगितलंस?" कामिनी म्हणाली. "मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं!"

मोनालीनं मान वर केली. "स्पीकर व्हता ताई. नाना व्हते, काका व्हते, बठ्ठे व्हते. काय सांगू मी तिथं?"

"नंतर मेसेज करायचास!"

"तुम्ही म्हटलं पानी बंद, जेवन बंद. मले वाटलं, तुम्ही म्हनता म्हनजे बरोबरच असंन. आन् कमी भरलं तर कोनी बाहेर थोडी काढते? जास्त भरलं तर काढते."

कामिनीला चटका बसला. दोन दिवस उपाशी असलेल्या पोरीचं तिनं पाणी तोडलं होतं. काट्यानं, अगदी त्या केळीच्या काट्यानंसुद्धा, खरं तेच सांगितलं होतं, आणि तिनं ते उडवून लावून सगळ्यांसमोर विचारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरावर हिशोब मांडला होता.  पण हळहळत बसायला वेळ कुठं होता? चाचणी सुरू व्हायला जेमतेम दोन तास.

"नाना, तिच्यावर नंतर रागवा," ती म्हणाली. "माझ्यावरही रागवा. आत्ता तिला खाऊ घाला."

 नाना भिंतीशी मांडी घालून बसले, रोट मोडला आणि लेकीच्या पुढ्यात धरला. "खाय. माह्या डोळ्यासमोर खाय."

मोनाली रडत रडत खात होती. कामिनी मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजत होती. घाई केली तर उलटी होईल, कमी दिलं तर उपयोग नाही. दोन तासांत पोट भरतं हो, पण वाळलेलं अंग दोन तासांत भरत नाही. हे कामिनीला चांगलं ठाऊक होतं.

सरावाच्या जागेत तिनं डबी काढली आणि दोरी बारला अडकवली. साठ किलोच्या क्लीनला मोनालीचा बार नेहमी सेकंदाला दीड मीटरच्या वेगानं उसळायचा. आज मोबाईलवर आलं, एक पूर्णांक तीन. कामिनीनं पुन्हा उचलायला लावलं. एक पूर्णांक तीनच. या वेगाच्या पोरीला त्र्याऐंशीच्या वर पाठवायचं नाही, असा तिचाच नियम होता. त्याच्या वर गेलं की बार डोक्यावर थांबत नाही, कोपर तरी वाकतं नाहीतर पाठ तरी लचकते. तिनं पहिल्या प्रयत्नांची वजनं कमी करून दिली आणि मोबाईल खिशात टाकला. दोन्ही प्रकारांत प्रत्येकीला तीन-तीन प्रयत्न होते, आणि दोन्हीकडच्या सर्वांत जास्त वजनांची बेरीज धरणार होते.

पहिल्या प्रकारात, म्हणजे बार एका दमात डोक्यावर घ्यायच्या स्नॅचमध्ये, मोनालीनं सहासष्ट काढले. साक्रीची शीतल म्हणून एक पोरगी होती, काटक आणि बेधडक. तिचे पासष्ट झाले. एक किलोनं का होईना, मोनाली पुढे होती. कामिनीचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथं फार वेळ टिकला नाही.

क्लीन अँड जर्क सुरू झालं. मोनालीनं ऐंशी उचलले. त्र्याऐंशीला बार खांद्यावर घेऊन ती खाली बसली आणि उठेचना. आता पडते, मग पडते, असं करत करत कशीबशी उठली, बार डोक्यावर नेला, कोपर थरथरलं आणि तेवढ्यात पंचांचा इशारा झाला. मिळालं! कठड्यापलीकडून नानांनी आरोळी ठोकली. मघाचा राग ते क्षणभर विसरून गेले असावेत.

मग शीतल आली. तिनं पंच्याऐंशी लावले आणि उचललेसुद्धा. तिचे प्रयत्न संपले. तिची आई आनंदानं ओरडली, "मनी पोर वाघीण शे, वाघीण!"

आता हिशोब अगदी साधा होता. मोनालीकडे एक प्रयत्न शिल्लक. पंच्याऐंशी उचलले तर एक किलोनं तीच पहिली, शिबिर तिचंच. नाही उचलले तर शीतल. समोरच्या फळीवर मिनिटाचं घड्याळ पळायला लागलं.

कामिनीचा हात खिशातल्या मोबाईलवर होता. त्यात काय आलंय ते तिला पाठ होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला तो आकडा नको झाला होता. जाऊ दे मसणात तो वेग! पोरगी रोज पंच्याऐंशी उचलते. नव्वद उचललेत तिनं. एकदा, फक्त एकदा, यंत्र बाजूला ठेवलं तर? पोरगी हो म्हणाली की झालं. आणि ती हो म्हणणारच, कधी नाही म्हणालीय?

"मोनाली, होईल ना?"

बोलता बोलताच कामिनीला आपला आवाज ऐकू आला. हाच आवाज, हाच प्रश्न. हो ना मोनाली? कालही तिनं असंच विचारलं होतं, उत्तर आधीच तिच्या तोंडात कोंबून. पलीकडून नाना हात उंचावून ओरडत होते, "लाव, मोनाली! लाव पोरी!"

मोनालीचे ओठ हललेच होते. कामिनीनं पुढे होऊन तिला धरलं आणि नानांकडे पाठ करून तिच्यासमोर अशी उभी राहिली की पोरीला तिच्याशिवाय दुसरं कुणी दिसू नये.

"थांब. हो म्हणू नकोस. नानांना ऐकू येत नाहीये. मी रागावणार नाही, आईशप्पथ. यंत्र काय म्हणतं तेही मी सांगत नाही. तुला काय वाटतं ते सांग."

घड्याळ पळत होतं. मोनाली तिच्याकडे अशी बघत होती, जणू हा प्रश्न कुठल्या परक्या भाषेत आलाय. मग तिचा चेहरा वाकडा झाला.

"नाही ताई," ती म्हणाली. "खांद्यावर येईन. वर नाही जानार. मघाशी डोळ्यापुढं काळं आलं व्हतं. मले भेव वाटू राहिलं."

 कामिनीला हे उत्तर नको होतं. देवा, तिला हे अजिबात नको होतं! मनात एकदम आलंसुद्धा, की म्हणावं, घाबरतेस काय, जा, मी आहे. दोन शब्दांचं काम होतं. पोरगी मुकाट्यानं गेली असती.

ती पंचांच्या टेबलाशी गेली. "तिसरा प्रयत्न नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली आणि मग साक्रीच्या लोकांनी एकच गलका केला. कठडा ओलांडून नाना आत आले, कुणी अडवलं तरी थांबले नाहीत.

"पंच्याऐंशी?" ते कामिनीवर बरसले. "पंच्याऐंशी तर पोरगी रोज उचलते! एकडाव लावून त पाहाचं व्हतं. तुमीच कच खाल्ली, ताई!"

"चूक माझीच आहे, नाना," कामिनी म्हणाली. "पण आत्ताची नाही. कालची. उपाशी पोरीचं मी पाणी तोडलं. ती आज नव्वद उचलणारी पोरगी होती, मी तिला इथं अर्धी आणली."

 मोनाली बाकावर बसून मनगटाच्या पट्ट्या सोडत होती. गाठ सुटत नव्हती. नाना तिच्यापाशी जाऊन बसले आणि तिची गाठ सोडवायला लागले. रोटाबद्दल ते पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी माफ केलं होतं की नाही, ते त्यांच्याकडे बघून कुणाला सांगता आलं नसतं.

माईकवर शीतलचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. कामिनीनंही वाजवल्या, कारण पोरीनं कमावलं होतं ते.

दुपारी पिकअपपाशी नाना डबा आणि पिशव्या ठेवत होते. मोनाली पुढच्या सीटवर चढली. कामिनी खिडकीशी जाऊन उभी राहिली. आज तिच्याकडे कसलाच बेत नव्हता. एरवी तिच्याकडे प्रत्येक पोरीसाठी दुसऱ्या दिवसाचा सगळा बेत तयार असायचा, किती वजन, किती वेळा, काय खायचं, कधी झोपायचं.

"माझ्यावर रागावलीस?" तिनं विचारलं.

कालपर्यंत या प्रश्नाला एकच उत्तर मिळालं असतं. नाही ताई, असं कसं.

"हो," मोनाली म्हणाली. "लय."

कामिनीनं मान हलवली.  "परवा येशील शेडवर?"

"माहीत नाही. ठरवलं नाही अजून."

चल, काहीतरीच काय, परवा सहाला हजर पाहिजेस, असं कामिनीच्या अगदी जिभेवर आलं होतं. हाताशी आलेली एकुलती एक पोरगी होती ती तिची. ती गेली तर शेडमध्ये उरणार काय होतं?

"ठरव," कामिनी म्हणाली. "काय ते खरं सांग. नाही आलीस तरी सांग."

नानांनी गाडी चालू केली. मोनालीनं काच वर केली नाही, पण मागे वळूनही बघितलं नाही. पिकअप जळगावच्या रस्त्याला लागला, आणि कामिनी भर उन्हात कॉलेजच्या फाटकापाशी उभी राहून ढसाढसा रडली.